शिजलं का पाह्य वं

मटणाच्या पहिल्या उकळीचा वास आला की मला आमची मांजर आठवते. लग्न होऊन मी नागपूरला आले तेव्हा नवरा दिवसभर कामावर असायचा आणि सासूबाई मोजकंच बोलायच्या. मी बोलायची ती मांजरीशी. मटण चुलीवर चढलं की ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन बसायची. मला दिवस गेले आणि शेजारणीने सांगितलं, मांजरीमुळे टॉक्सोप्लाझ्मोसिस नावाचा आजार होतो, पोटातल्या बाळाला धोका असतो. त्याच दुपारी नवऱ्याने तिला पिशवीत घातलं आणि कळमेश्वरच्या पुढे सोडून आला. पुढे रामदासपेठेतल्या डॉक्टरबाई तपासताना म्हणाल्या, "घरातली मांजर सोडायची काय गरज होती? तिची घाण रोज दुसऱ्या कोणी काढायची, तुम्ही हात धुवायचे, भाजी नीट धुवायची. हा आजार अर्धकच्च्या मटणातूनही होतो, तसं तर खात नाही ना?" मी सोबत आलेल्या सासूबाईंकडे पाहिलं. दर रविवारी मटण अर्धं शिजलं की त्या पळीत एक बोटी घेऊन माझ्यापुढे धरायच्या, "शिजलं का पाह्य वं." मी चावून सांगायची. रक्ताचा रिपोर्ट चांगला आला, मुलगी धडधाकट झाली. आता मटण पूर्ण शिजल्याशिवाय मी तोंडाला लावत नाही. परवा कुकरची शिट्टी झाली तेव्हा मुलगी म्हणाली, "आई, तू दाराकडे काहून पाहून राहिली? कोणी येणार आहे का?"