तानबाई जिन्याने का जायची

आमच्या इमारतीत तानबाई सातव्या मजल्यावर राहते आणि जिन्याने चढते. दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या, गुडघे कुरकुरताहेत, पण लिफ्टकडे ढुंकून बघायची नाही. कुणी विचारलंच तर म्हणते, "व्यायाम." व्यायाम कसला डोंबलाचा! लिफ्टमध्ये भोंगा बसलीय.

म्हणजे भोंग्याचा आवाज. "दार बंद होत आहे. तिसरा मजला. कृपया दारातून बाजूला व्हा." भोंगा ही तानबाईची मैत्रीण; दोघी एकाच संगीत कॉलेजात, एकाच वर्गात. तानबाईला सुवर्णपदक. दुसरी तानबाईच्या वह्या उतरवून काठावर पास. समूहगीत असलं की सर म्हणायचे, "भोंग्या, तू नुसतं तोंड हलव. आवाज काढू नकोस." तीच आता गावभरच्या लिफ्टांतून, बँकेच्या फोनातून, दवाखान्याच्या रांगेतून बोलते. आणि सुवर्णपदक शाळेत गाणं शिकवतं, तेही गणिताच्या बाईंनी तास मागून नेला नाही तर.

त्यात सासूबाई. म्हातारी लिफ्टमधून उतरताना त्या आवाजाला "येते गं बाई" म्हणते. घरात आली की सुनेला ऐकवते, "किती गोड बोलते गं तुझी मैत्रीण!"

"आई, तिचा 'होत' बेसूर आहे. खाली उतरतो."

"उतरू दे की. लिफ्टच आहे ती."

मग एके दिवशी भोंग्याचा फोन आला. "तान्ये, लिफ्टवाल्यांना म्हणे माझ्या आवाजाचा कंटाळा आलाय. नव्याने चाचणी घेताहेत. मी जातेय, तूही चल. तुझ्यासारखा गळा आहे कुणाचा?"

तिची मेहेरबानी तानबाईच्या घशाखाली उतरेना. पण भोंग्याला सगळ्या लिफ्टांतून एका दमात खाली उतरवायची संधी सोडवेना. गेली.

स्पंज लावलेल्या भिंतींची इवलीशी खोली. काचेपलीकडे रेकॉर्डिंगवाला. तानबाईने घसा साफ केला, डोळे मिटले. "दार बंद होत आहे."

"बाई, गाऊ नका. बोला."

"बोललेच की!"

पुन्हा म्हणाली. 'आहे'वर सूर धरला, खोलीभर फिरवून आणला आणि अलगद जागेवर ठेवला. रेकॉर्डिंगवाल्याची मान आपोआप डोलली. तानबाईच्या मनात आलं, मारली बाजी!

"आवाज म्हणजे काय आवाज आहे हो तुमचा," तो म्हणाला. "पण हे ऐकत माणूस दारातच उभा राहील. आणि दार तर बंद होणार! जरा कोरडं म्हणा. भाजीवाल्याकडे सुटे मागता तसं."

बाईने जंग जंग पछाडलं. पण इतकी वर्षं घासूनपुसून ठेवलेला गळा, त्याला कोरडं होताच येईना. शेवटी भोंगा आत गेली, खांद्यावरची पर्ससुद्धा न काढता वाक्य म्हणाली आणि बाहेर आली. तिलाच पुन्हा ठेवलं.

"बघ ना तान्ये," ती तानबाईचा हात धरून म्हणाली, "सर म्हणायचे, तू गाऊ नकोस. तेच कामाला आलं बघ." बोलली अगदी मनापासून. म्हणूनच जास्त झोंबलं. टोमणा असता तर परत तरी मारता आला असता.

संध्याकाळी सासूबाई खाली बाकावर बसल्या होत्या. त्यांना घेऊन तानबाई थेट लिफ्टमध्ये शिरली. आम्ही मागचे चार जण बघतच राहिलो.

"दार बंद होत आहे."

तानबाईने चपलेसकट पाय दारात घातला.

"कृपया दारातून बाजूला व्हा."

ती हलली नाही. दार आलं, चपलेला आपटलं, मागे गेलं.

"कृपया दारातून बाजूला व्हा."

"बोल," तानबाई छताकडे बघून म्हणाली. "बोल अजून."

"कृपया दारातून बाजूला व्हा. कृपया दारातून बाजूला व्हा."

आम्ही बाहेर ताटकळतोय. सासूबाईंना राहवेना. "अगं, पाय काढ की! किती बोलायला लावशील बिचारीला? घसा बसेल तिचा."

"बसू दे," तानबाई म्हणाली आणि चप्पल आणखी पुढे सरकवली.