बाहेरची कडी

दुपारी बारा वाजता नैवेद्य दाखवून झाला की दुसऱ्या दिवशी बारा वाजेपर्यंत मी मोकळा असतो. देवासमध्ये आमच्या घराण्याकडे एका लहान दत्तमंदिराची पूजा आहे. संस्थानाच्या काळात पूर्वज दफ्तरात होते, तेव्हा ती मिळाली आणि तीन शाखांत वाटली गेली. प्रत्येकीकडे वर्षाचे चार महिने. एक शाखा पुण्याला गेली, दुसरी बडोद्याला. आता बाराही महिने आमच्याकडे आहेत. नैवेद्य घराण्यातल्या पुरुषाने दाखवायचा, आणि तो दाखवल्याशिवाय माझी आई जेवत नाही. तिचे वय ब्याऐंशी. तिला मधुमेह आहे. सकाळी गोळी आणि कोरा चहा घेऊन ती बारापर्यंत थांबते.

घरात आई, मी आणि मुलगी. पत्नी सहा वर्षांपूर्वी गेली. वडील होते तोवर पूजा ते करत आणि मी इंदूरच्या एका वर्तमानपत्रात होतो, आधी वार्ताहर, नंतर संपादकीय टेबलावर. वडील गेल्यावर नोकरी सोडली. त्यानंतर नऊ वर्षांत एकही रात्र मी देवासबाहेर काढली नव्हती.

पिकअप एका दूधवाल्याकडून घेतली. जुनी होती, पण हौदा गंजलेला नव्हता. आतली लांबी सात फूट, रुंदी पाच फूट दोन इंच. मी कागदावर नकाशा काढला. तळाला रबरी चटई, तिच्यावर प्लायवूडचे दोन लांब खण, मागे ओढता येणारे. उजव्यात शेगडी, भांडी, शिधा. डाव्यात दोर, ताडपत्री, तंबूच्या खुंट्या, हत्यारे. खणांच्या वर फळी, फळीवर गादी. पाण्याचा वीस लिटरचा कॅन कोपऱ्यात पट्ट्याने बांधलेला. वरून पत्र्याची टप, दोन्ही बाजूंना हवेसाठी चार इंचांच्या जाळ्या, मागे फाळक्याच्या जागी एका झडपेचा दरवाजा.

टप बनवायला उज्जैन रोडवरच्या एका कारागिराकडे गेलो. तो दुधाच्या आणि पावाच्या गाड्यांना टप बांधतो. त्याने नकाशा उलटसुलट करून पाहिला.

“भिया, इसमें कौन सा माल जाएगा?”

“माल नाही. मी झोपणार.”

“आप?” त्याने वेल्डिंगचा चष्मा कपाळावर सरकवला. “घर से निकाल दिया क्या?”

“अजून नाही.”

“तो फिर मजबूत बनाता हूँ. बाद में काम आएगा.”

काम त्याने चोख केले. खण एका बोटाने सरकत. जोड एकही वाकडा नव्हता. दरवाजाला त्याने दुधाच्या गाड्यांना लावतो तीच कडी लावली: दरवाजा ढकलला की स्प्रिंगने आपोआप खाली पडणारी. ड्रायव्हरचे दोन्ही हात कॅनमध्ये गुंतलेले असतात, म्हणून तो पायाने दरवाजा लोटतो आणि कडी बसते. मी ती दोनदा लावून पाहिली. दोन्ही वेळा मी बाहेर उभा होतो.

आई अंगणात आली, गाडीभोवती एक फेरी मारली आणि विचारले, “एक रात्र निजायला घर लहान पडलं का तुला?”

“बागची लेणी बघून येतो. नोकरीत असताना जायचो.”

“आणि उद्याचा नैवेद्य?”

“अकरापर्यंत घरी असेन.”

हिशोब बरोबर होता. सव्वाबाराला निघायचे, इंदूर, धार करत पाचच्या सुमारास बाग. सकाळी सहाला निघाले की अकराला देवास. मध्ये एक तास हाताशी. मुलगी म्हणाली, “बाबा, टाइम-टेबल तो पेपरवालों जैसा है.” तिची शाळा हिंदीतली, त्यामुळे मराठी बोलता बोलता ती हिंदीत जाते आणि तिच्या लक्षातही येत नाही. फार्मसी करून ती घरी होती. पीथमपुरच्या एका औषध कारखान्यात मुलाखत झाली होती आणि बोलावण्याची वाट पाहणे चालू होते.

जाताना काही घडले नाही. बागच्या अलीकडे नदीकाठी सपाट जागा मिळाली. खण ओढून शेगडी काढली, खिचडी केली. झोपताना वारा यावा म्हणून दरवाजा उघडाच ठेवला, दोराने बाजूच्या हुकाला बांधून, आणि तिथे मच्छरदाणी लावली. कडी रात्रभर उघड्या दरवाजावर निरुपयोगी लोंबत होती.

सकाळी पावणेसहाला चहा झाला. भांडी धुऊन खणात ठेवली, दोन्ही खण आत सारले. दोर सोडून डाव्या खणात टाकला. फोन पुढे केबिनमध्ये चार्जिंगला होता. शेवटचे काम गादीची गुंडाळी. ती करायला मी आत चढलो. नदीवरून वारा आला, दरवाजा आपटला आणि कडी पडली.

आतून दरवाजा पूर्ण सपाट होता. धरायला काही नव्हते. खांद्याने ढकलून पाहिला. हत्यारे डाव्या खणात होती, आणि खण दरवाजा उघडल्याशिवाय बाहेर येत नाही. मी माझ्याच हत्यारांवर बसलो होतो. टपीची उंची साडेतीन फूट, म्हणजे उभे राहता येत नव्हते. जाळीतून बोटे बाहेर जात, मनगट नाही. पहिली पंधरा मिनिटे मी काय काय करून पाहिले ते क्रमाने सांगता येईल, पण त्यातल्या कशाचाही उपयोग झाला नाही.

सातच्या पुढे नदीवर माणसे आली. बागचे छापाचे कापड नदीत धुतात. ओले कापड दगडावर आपटतात, एका तालात, चार-पाच जण मिळून. जाळीतून मला लाल-काळ्या कापडाचा एक कोपरा वर जाताना आणि खाली येताना दिसत होता. मी पत्र्यावर वाजवले. त्यांचे आपटणे आणि माझे वाजवणे यांत फरक उरत नव्हता. हाक मारली, ती पाण्याच्या आवाजात गेली. ऊन चढले तसा पत्रा तापू लागला. घड्याळ हातात होते. आठ वाजून दहा. आठ चाळीस. बारा चुकणार हे सात वाजून गेले तेव्हाच ठरले होते. घरी आईने गोळी घेतलेली असणार.

साडेनऊला ते विडीसाठी थांबले. तेव्हा माझे वाजवणे एकटे पडले. पावले आली.

“अंदर कौन है?”

“मैं हूँ. कुंडी उठा दो.”

“बंद किसने किया?”

“हवा ने.”

बाहेर कोणी तरी हसले. कडी उठली. दारात साठीचा एक माणूस होता, कोपरापर्यंत लाल हात. त्याने आत गादी पाहिली, माझ्याकडे पाहिले. “हम तो समझे, आप भी कुछ कूट रहे हो.”

मी केबिनमधून फोन काढला. आईने उचलला.

“मला दोन-अडीच होतील. तू खाऊन घे.”

“नैवेद्याआधी?”

“आजच्या दिवस.”

“तू ये. मी बसते,” ती म्हणाली आणि फोन मुलीकडे दिला.

धार सोडले तेव्हा बारा वाजून गेले होते. मुलीचा फोन आला. “आजीला घाम येतोय. हात काँप रहे हैं.”

“साखर दे. पाण्यात घालून दे.”

“घेत नाहीत ना. कहती हैं, पहले देव.”

“डॉक्टरांना बोलाव.”

“केलाय फोन. निकल रहे हैं.”

त्यानंतर माझे फोन कोणी उचलले नाहीत. पीथमपुरला दुपारच्या पाळीच्या बसगाड्या आल्या होत्या आणि रस्ता बंद होता. पुढे बस, मागे बस, डावीकडे कारखान्याची भिंत. एका बसमधून मुली उतरत होत्या, गळ्यात ओळखपत्रे, खांद्यावर डबे. मुलीच्या वयाच्या. मी बावीस मिनिटे तिथे उभा होतो. त्या वेळात अकरा वेळा फोन लावला.

घरी पोचलो तेव्हा पावणेतीन झाले होते. आई पाटावर बसून ताक पीत होती. ताटात भाताची शिते होती. डॉक्टर येऊन गेले होते. मुलगी आजीच्या जुन्या रेशमी पातळात होती, निऱ्या एका बाजूला वर गेलेल्या.

“कोणी दाखवला?” मी विचारले.

“तिने,” आई म्हणाली. “मी म्हटलं, हातपाय धू नि नेस.”

“आजीने कहा तो कर दिया,” मुलगी म्हणाली. “पूजेच्या वहीतलं वाचता नाही आलं, दादाजी का हैंडराइटिंग... पण पाठ आहे मला. रोज तुमचं ऐकते ना. आम्ही देवळात होतो, फोन घरीच राहिला होता.”

“तुला चालतं?” मी आईला विचारले.

“न चालायला काय झालं? घराण्यातलीच आहे. तू कधी विचारलंस?”

मी विचारले नव्हते. संबंधिताची बाजू विचारली नाही म्हणून मी कित्येक बातम्या वार्ताहरांना परत पाठवल्या आहेत. नऊ वर्षांत आईला हा प्रश्न विचारला नव्हता.

काही वेळ वाटले, आता जाता येईल. दोन रात्री, चार रात्री. संध्याकाळी मुलीला पीथमपुरहून फोन आला. पुढच्या आठवड्यापासून रुजू व्हायचे, कारखान्याची बस पहाटे साडेपाचला. तिने ते आत येऊन सांगितले. आईने ऐकून घेतले आणि तिच्या केसांवरून हात फिरवला.

“गळा गोड आहे तुझा,” ती म्हणाली. “देवाला आवडला असेल. बघ हो, कारखाना काय, कुठेही असतो. उद्या किती वाजता आंघोळ करशील?”

प्रश्न मला नव्हता.  मुलगी दाराच्या चौकटीला हात लावून उभी होती आणि माझ्याकडे बघत नव्हती.

“उद्या मी आहे,” मी म्हणालो.

“आणि परवा?”

“परवाही.”

दुसऱ्या दिवशी नैवेद्य दाखवून मी कारागिराकडे गेलो. त्याने सगळे ऐकले. “भिया, मैंने तो माल के हिसाब से बनाया. माल अंदर से कुंडी क्यों खोलेगा?” मग काही न घेता आतल्या बाजूने कडी बसवून दिली आणि मला आत बसवून, दार लावून, तीनदा उघडायला लावले.

मुलगी पहाटेच्या बसने जाते. मी पुन्हा एकदा उशीर केला तर आई तिलाच हाक मारणार आणि ती नाही म्हणणार नाही, हे आम्हा तिघांनाही ठाऊक आहे. गाडी आठवड्यातून दोनदा भाजी आणायला जाते. खण अजूनही एका बोटाने सरकतात. शिधा उजव्यात आहे, दोर डाव्यात. आतली कडी त्या दिवसानंतर वापरलेली नाही.