डिकीच्या बाजूची किक

आमचे मामंजी इन्स्पेक्टर होते. पोलिसातले नव्हेत, आकुर्डीच्या स्कूटरच्या कारखान्यात पार्ट तपासणारे. पण घरी आल्यावरही त्यांची ड्यूटी सुटायची नाही. ताटात पोळी पडली की आधी उजेडाकडे धरणार. "गोल न्हाई. एका अंगाला दबलीया." पत्रा कापल्यावर कडेला जी बारीक खरखर राहते तिला कारखान्यात बर म्हणतात. त्या बरीशी मामंजींचं सात जन्मांचं वैर. कंगवा असो, डब्याचं झाकण असो, नव्या पाटाची कड असो, बोट फिरवून पहिला प्रश्न हाच, "बर काढलीय का?"

लग्नाला तीन वर्षं झाली तरी माझ्या एकाही कामाला त्यांनी 'ओके' म्हटलं नव्हतं. फार खूश झाले तर "चालंल." अहो, चालंल काय चालंल! मी भोसरीला एका कारखान्यात ट्रेसर होते. पेन्सिलीच्या ड्रॉइंगवर पारदर्शक कापड पसरून शाईने रेघा ओढायच्या. माझ्या रेघेला नाव ठेवायची तिथे कुणाची छाती नव्हती. आणि घरी आलं की चालंल!

मामंजी रिटायर व्हायचे ठरले तेव्हा मी मनाशी पक्कं केलं. शेवटच्या दिवशी घरी केक कापायचा, केकवर त्यांच्या कारखान्यातली स्कूटर काढायची आणि त्यांच्या तोंडून ओके वदवून घ्यायचं. आता नाही तर कधीच नाही.

पिंपरी कॅम्पातला बेकरीवाला म्हणाला, "बाई, गुलाब देतो, बदक देतो. स्कूटर नाही जमणार." म्हटलं, तू पांढरा कोरा केक दे, स्कूटर मी बघते. त्या काळी नंबर लावून लोक वर्षानुवर्षं स्कूटरची वाट बघत बसायचे. मी एका दुपारीत आणणार होते.

चित्र उतरवायची रीत ठाऊक होती. उशीच्या अभ्र्यावर भरतकामाचं फूल उतरवतो तशीच. कंपनीच्या माहितीपत्रकातली स्कूटर मी बटर पेपरवर गिरवली आणि रेघेवर सुईने भोकं टोचत गेले. शेजारच्या काकू डोकावल्या. "आता रॉकेलात नीळ कालव आणि बोळा फिरव. ठिपके कसे उठतात बघ!"

"अहो काकू, केक खायचाय!"

मी मलमलीच्या पुरचुंडीत कोको पावडर बांधली. कागद केकवर ठेवणार, तेवढ्यात त्याच्या खालून सहज बोट फिरवलं. तीन वर्षांत मलाही ती खोड लागली होती. सुई जिथून बाहेर निघाली त्या बाजूला खरखर. अगं बाई, बर! ही बाजू आयसिंगला लागली तर ओरखडे उठणार, आणि मामंजी पहिलं तेच बघणार. मी कागद पालथा केला, गुळगुळीत बाजू खाली ठेवली आणि वरून पुरचुंडी हलके हलके आपटली.

कागद उचलला तर काय झकास ठिपके! कागदाच्या कोनातून चॉकलेटी आयसिंग सोडत मी ते जोडले. एक रेघ थरथरली नाही. सासूबाई म्हणाल्या, "बया, आता निस्तं पेट्रोल घालायचं राह्यलंय."

पहिली पाळी सुटल्यावर मामंजी आले. गळ्यात हार, खांद्यावर शाल, सोबत खात्यातले चौघे दोस्त. पण चेहरा उतरलेला, आणि हात सारखा शर्टाच्या खिशाकडे जात होता. दोस्तांपैकी एकानं मला हळूच सांगितलं. प्रत्येक इन्स्पेक्टरचा आपल्या नंबरचा शिक्का असतो, पास केलेल्या मालावर मारायचा. मामंजींनी तो इतकी वर्षं कधी दुसऱ्याच्या हातात दिला नव्हता. आज कंपनीत जमा करावा लागला. मला फार वाईट वाटलं. म्हटलं, केक बघून तरी जरा हसतील.

केक मधोमध ठेवला. चार डोकी वाकली. एकानं तोंडाला रुमाल लावला.

"सूनबाई, गाडी झ्याक हाय, पन…"

"पण काय?" मी ताडकन विचारलं.

"न्हाई, ती किक…" आणि तो फसकन हसला.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कागद पालथा, म्हणून चित्रही उलटं! फुलाला डावं-उजवं नसतं, खपून जातं. पण स्कूटरची किक उजव्या अंगाला, इंजिनाकडे. डाव्या अंगाला डिकी. माझ्या गाडीचं तोंड फिरलं होतं, म्हणजे दिसत होती ती डिकीची बाजू, आणि तिच्यावर दिमाखात किक! आणि बघणारे कोण, तर जन्मभर तीच गाडी बनवणारे!

मामंजींनी चष्मा लावला. नाक आयसिंगला टेकेल इतके वाकले.

"रिजेक्ट."

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं आणि मस्तकात तिडीक गेली. "तुमच्या त्या बरीपायी झालं हे, मामंजी!" मी ओरडलेच. सासऱ्यांपुढे आवाज चढवायची माझी पहिलीच वेळ. मग रडत रडत सगळं सांगितलं, सुई, खरखर, पालथा कागद.

मामंजी माझ्याकडे वळले. "बर लागंल म्हनून पालथा घातलास व्हय?"

"हो."

त्यांनी सुरी उचलली. रिजेक्ट मालाचे तुकडे करतात हे मला माहीत होतं. मी तोंड फिरवलं. पण सुरीच्या टोकानं त्यांनी फक्त किक अलगद उचलली आणि तोंडात टाकली. मग पातं आडवं धरून तेवढी जागा सारखी केली.

"आता बगा. डिकीची बाजू. काय चुकलंय?"

चौघे पुन्हा वाकले. कुणाला चूक सापडेना.

"ओके," मामंजी म्हणाले. अगदी स्वच्छ, सगळ्यांना ऐकू जाईल असं. आणि त्यांचा हात खिशाकडे गेला. खिसा रिकामा. हात तिथेच राहिला. मघाशी हसलेल्याचं हसूही मावळलं. मग मामंजींनी हात काढला आणि केकच्या कोपऱ्यावर, पांढऱ्या आयसिंगमध्ये, अंगठा घट्ट दाबला.

केक वाटताना सासूबाई तो कोपरा एका पाहुण्याच्या बशीत घालत होत्या. "तो माझा!" म्हणून मी हिसकावून घेतला. कडेकडेनं खाल्ला, आणि अंगठा सगळ्यात शेवटी.