भवानीचा मान

शेजारच्या स्वयंपाकघरातून तळलेल्या बोंबलांचा वास आला की माझं मन अजूनही ठाण्यातल्या टेंभी नाक्याजवळच्या आमच्या जुन्या दारात जाऊन उभं राहतं. आणि खरं सांगू? तिथे पोचल्याबरोबर आधी जागा होतो तो हेवा. माया-बिया सगळी मागाहून. स्वातंत्र्यानंतरची पहिली काही वर्षं ती. खाडीवरच्या कोळीवाड्यातून मासळीची पाटी घेऊन कोळीणमावशी निघायची ती थेट आमच्याकडे यायची. दिवसातली पहिली विक्री, म्हणजे भवानी, माझ्या आईच्या हातची. "बायच्या हाताला यश हाय गो, पाटी कशी झरझर सरते!" असं ती गल्लीभर सांगायची. सोमवारी आमच्याकडे मासे शिजत नसत, तरी मावशी थांबायचीच, आणि आई पाटीला नुसता हात लावून तिला पुढे धाडायची. भाड्याच्या दोन खोल्यांत आयुष्य काढणाऱ्या माझ्या आईपाशी मिरवायला एवढंच होतं.

मग शेजारची आमराई विकली गेली आणि तिथे तीन मजली इमारत उभी राहिली. ब्लॉक म्हणायचे त्या घरांना. नळ घरात, संडासही घरात. दादर-गिरगावाकडची, बऱ्या पगाराची माणसं राहायला आली. पहिल्या मजल्यावरची बाई गॅलरीतून हाक मारायची, "ए मासेवाली, वर ये!" आणि घासाघीस न करता सगळ्यात मोठं पापलेट घ्यायची. एका सकाळी मावशी आमच्या दारावरून तशीच पुढे गेली. परत आली तेव्हा तिची नजर वर होईना. "काय करू गो बाय, त्यांना सकालीच लागतं. नि मोठं म्हावरं दुसरं कोन घेतंय?"

"असू दे गं, तुलाही पोट आहे," आई म्हणाली, आणि दिवसभर भांडी आपटत राहिली. माझा तर नुसता जळफळाट! नळ आणि गॅलरी त्या बाईची तिला लखलाभ, पण भवानी? पाणी आम्ही विहिरीवरून आणत होतोच. पहिलेपणाचा मान कुठून आणायचा?

पुढे आमच्याही घरमालकाला इमारतीचं वेड लागलं आणि आम्हाला उठावं लागलं. वडिलांनी डोंबिवलीत खटपट करून नव्याकोऱ्या इमारतीत, पहिल्या मजल्यावर जागा मिळवली. भोवती भाताची खाचरं आणि चार-दोन जुनी कौलारू घरं. पहिल्याच सकाळी ठाकुर्लीच्या बाजूने एक मासेवाली येताना दिसली. समोरच्या कौलारू घरातली बाई ताटली घेऊन उंबऱ्यात उभी होती, तिचीच वाट बघत. आता आई थांबेल, असं मला वाटलं. हे दुखणं तिच्याइतकं कुणाला ठाऊक? पण आई गॅलरीत गेली, कठड्यावरून वाकली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "अगं ए, आधी इकडे! वर ये!" मासेवाली घुटमळली, तिने एकदा त्या उंबऱ्याकडे बघितलं, आणि ती आमचा जिना चढली. आईने भाव केला नाही.

त्या दिवशी आई फार खुशीत होती. मीही ते पापलेट बोटं चाटून खाल्लं. आता आई नाही, ती खाचरं नाहीत, ते कौलारू घरही केव्हाच पडलं. त्या बाईचं आमच्या गॅलरीकडे बघणं तेवढं माझ्यापाशी राहिलंय. रागावली नव्हती ती. ठाण्याच्या दारातून आई जशी वर बघायची, अगदी तशीच बघत होती. मला वाईट वाटलं का? छे! मनात आलं, चला, आता आपलाही कुणीतरी हेवा करतंय.