मास्तरांची हिरवी हरणं

बहिणीकडून परतलेल्या मास्तरीणबाई, म्हणजे भरतकामवाल्या मास्तरांच्या पत्नी, बालवाडीच्या दारात थबकल्याच. तोंडून एवढंच निघालं, "अगं बाई! हे काय?"

खिडक्यांना नवेकोरे पडदे लावलेले. पडद्यांवर हरणांचा कळप. कान टवकारलेले, पाय नाजूक, पाठीवरचे ठिपके जागच्या जागी. आता उडी मारतील की काय असं वाटावं इतकी जिवंत हरणं. फक्त रंगाने शेवाळासारखी हिरवी! आणि ज्या गवतात ती उभी होती ते गवत तपकिरी. कोपऱ्यातल्या उशीवर वाघोबा ऐटीत बसलेले, ते पोपटी.

"मला आधी वाटलं, मास्तरांनी काही नवीन फॅशन काढली," बालवाडीच्या बाई म्हणाल्या. त्या भांडखोर नव्हत्या, पण आवाज कोरडा होता. "फोनवर मास्तरांना विचारलं, तर म्हणाले, झकास झालंय ना? आता सोमवारी मुलं येणार. त्यांना मी काय शिकवू, हरीण हिरवं असतं?"

मास्तरीणबाईंनी क्षणाचाही विचार केला नाही. "चूक माझी आहे हो," त्या म्हणाल्या. "बहिणीकडे जायच्या आधी मी रिळांची आवराआवर केली, त्यात घोळ झाला. सोमवारच्या आत सगळं बदलून देते." एक उशी काखेत मारून त्या बाहेर पडल्या.

नवऱ्याची बाजू घ्यायची म्हणजे घ्यायची, त्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. आणि त्या खोटंही बोलल्या नव्हत्या. घराच्या पुढच्या खोलीत मास्तरांचं भरतकामाचं मशीन. कुणाच्या जॅकेटच्या पाठीवर घुबड, कुणाच्या चादरीच्या काठाला हत्तींची रांग, जनावरं काढावीत तर मास्तरांनीच. त्यांच्या बिबट्याच्या उशीवर डोकं ठेवायला भीती वाटते, असं गिऱ्हाईकं थट्टेने म्हणायची. कॉम्प्युटरवर चित्र तयार करायचं, कापड फ्रेममध्ये ताणून बसवायचं, एक रंग भरून मशीन थांबलं की रीळ बदलायचं. ती रिळं भिंतीवरच्या खुंट्यांवर दोन रांगांत असत आणि त्या खुंट्यांना हात लावायची कुणाची टाप नव्हती. मास्तरीणबाई याला नवऱ्याचे नखरे म्हणत.

या खेपेला मास्तर सुया आणायला गेलेले, मास्तरीणबाईंची बस निघायला वेळ होता, आणि खालच्या रांगेवर ही धूळ! वरची निळी, पिवळी, काळी, पांढरी रिळं बऱ्यापैकी स्वच्छ होती, त्यांना त्यांनी हातही लावला नाही. खालची लाल, हिरवी, तपकिरी, केशरी तेवढी पुसली आणि लावताना जरा नीटनेटकी, हिरव्याशेजारी हिरवं अशी लावली. रिळांवरच्या नंबराच्या मळक्या चिठ्ठ्या सुटतच आल्या होत्या, त्याही सोलून टाकल्या. आपल्या कामावर खूश होऊन त्या बहिणीकडे गेल्या होत्या.

अर्ध्या रस्त्यात, भाजीच्या गाडीपाशी, बाईंचे पाय एकदम थांबले. रिळं हलली, कबूल. पण माणसाला डोळे नाहीत का? हिरवं रीळ हातात घेतलं, मशीनवर चढवलं, अख्खं हरीण भरलं, मग दुसरं, मग तिसरं. इस्त्री केली, घडी घातली, नेऊन दिली. आणि वर म्हणे झकास! मागून सायकलवाला घंटी वाजवत होता, ती त्यांना ऐकूसुद्धा आली नाही.

घरी मास्तर मशीनला तेल घालत होते. बाईंनी उशी समोर धरली.

"अहो, हा वाघ कसा झालाय?"

"कसा म्हणजे? शेपटीचा वळसा बघ की. असा वळसा काढून दाखवावा कुणी!"

"आणि रंग?"

मास्तरांचा तेलाचा हात तसाच राहिला. त्यांनी वाघाकडे पाहिलं, मग भिंतीकडे. "तू खुंट्यांना हात लावलास?" आवाज इतका बारीक की हाच का तो घर डोक्यावर घेणारा माणूस, असं वाटावं.

बाईंनी भिंतीवरून दोन रिळं ओढली. "यातलं हिरवं कोणतं?"

"ठेव ती जागेवर."

"सांगा ना!"

"मला नाही कळत," मास्तर म्हणाले. "कधीच कळलं नाही. वरची रांग दिसते मला. खालची सगळी सारखीच. मी खुंटी बघून रीळ घेतो."

बाई स्टूल ओढून बसल्या. एका छपराखाली राहून केस पांढरे झाले, पोरं लग्न होऊन आपापल्या घरी गेली, आणि नवऱ्याच्या डोळ्यांत काय दिसतं याचा आपल्याला पत्ता नाही! म्हणूनच टोमॅटो कधी आणायला सांगितले की "तूच निवडून आण बाई." म्हणूनच सिग्नलला दिव्याकडे न बघता शेजारच्या गाड्यांकडे बघणं. डोळ्यांसमोर होतं सगळं, आणि आपण आंधळ्यासारख्या वागलो!

"मला का नाही सांगितलंत?" त्या कडाडल्या. "मी काय परकी होते?"

"लग्नाआधी सांगितलं असतं तर तुझ्या वडिलांनी मुलगी दिली असती? धंदा रंगांचा आणि रंग दिसत नाहीत! मग आज सांगू, उद्या सांगू करत राहून गेलं. आता लोकांना कळलं तर मशीनला कुलूपच लावायचं."

"लोकांना कोण सांगतंय? जीभ गेली तरी मी बोलायची नाही," बाई म्हणाल्या. राग जागच्या जागी होता, पण सोमवार काही कुणासाठी थांबणार नव्हता. पदर खोचून त्या उठल्या. "कुठल्या खुंटीवर काय होतं, बोला."

मास्तर डोळे मिटून सांगू लागले, बाई रिळं लावू लागल्या. लाल हातात आलं आणि त्यांना आपला लाल स्वेटर आठवला. मास्तर आणत ती लोकर कायम निळीच. शाल निळी, स्वेटर निळा. स्वस्तात मिळत असेल, कंजूष कुठला, असं म्हणून मागच्या थंडीत त्यांनी हट्टाने स्वतःसाठी लाल घेतला होता. तो घालून बाजारात गेल्या, तर भर गर्दीत हा माणूस त्यांच्या अंगावरून सरळ पुढे निघून गेला. बाई रुसून एकट्या घरी आल्या, आणि तो कितीतरी उशिरा आला. मित्रांत बसला असेल म्हणून त्या चार दिवस बोलल्या नव्हत्या.

"मला सारखं निळंच का आणता हो?" त्यांनी विचारलं.

"निळ्यात तू लांबूनही दिसतेस," मास्तर म्हणाले. "त्या दिवशी बाजारात दिसलीच नाहीस. दुकानं बंद होईपर्यंत शोधत होतो मी तुला. वाटलं, तुला काही झालं की काय."

बाई लाल रीळ हातात धरून उभ्याच राहिल्या. लाल डावीकडून तिसऱ्या खुंटीला लाव, असं मास्तरांनी दोनदा सांगितलं. पण डोळे इतके भरून आले होते की त्यांना खुंटीच दिसेना.