छावणीच्या कमानीखाली दादांचा प्रश्न

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. बी.ए.ला इतिहास घेतला तेव्हा आमच्या वडिलांनी, म्हणजे दादांनी, फी भरून टाकली. शेवटच्या वर्षाला मात्र त्यांनी नवीन जालन्यात एका बियाण्यांच्या कंपनीत माझ्या नोकरीसाठी शब्द टाकून ठेवला. मला एम.ए. करायचं होतं. सांगायला गेलो की भलतंच काहीतरी बोलून परत यायचो.

त्या हिवाळ्यात इतिहासाच्या सरांनी आम्हाला शहरातल्या जुन्या वास्तू दाखवायचं ठरवलं. प्रत्येकानं एका जागेची माहिती सांगायची. माझ्या वाट्याला इंग्रजांच्या छावणीच्या काळातली एक दगडी इमारत आली. छप्पर गेलेलं, पण कमानी अजून ताठ. भीत भीत दादांना म्हटलं, "रविवारी या ना ऐकायला."

"यीन. बघतो तरी, काय शिकून राह्यला ते."

आमच्या गावाहून, केदारखेड्याहून, ते धुवट टोपी घालून आले. आम्ही सगळे तिथं पोचलो, तर कमानीत आधीच एक जोडपं उभं. लग्नाआधीचं फोटोशूट चाललेलं. नवरीचा झगा पायऱ्यांवरून खालपर्यंत पसरलेला आणि स्पीकरवर मोठ्यानं गाणं. मी बोलायला लागलो, पण माझं मलाच ऐकू येईना. तेवढ्यात फोटोग्राफर ओरडला, "ओ टोपीवाले काका, फ्रेममध्ये येऊन राह्यले तुम्ही!"

"मी आपला जागेवरच हाये. तुझी फ्रेमच फिरून राह्यली," दादा म्हणाले.

सगळे हसले. नवरी तर इतकी हसली, की तिनं गाणंच बंद करायला लावलं. झगा गोळा करून ती पायरीवर बसली. "सकाळपासून उभी आहे मी. भैया, तू सांग, ही जागा नक्की आहे काय? आम्ही तर राजवाडा समजून आलो."

मी हातातला कागद खिशात घातला. राजवाडा नाही, छावणी, असं सांगितलं. राज्य निजामाचं होतं, पण इथली फौज इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली होती.

"थांब," मागून दादा म्हणाले. "राज्य निजामाचं, फौज इंग्रजांच्या हाताखाली. मंग खर्चा कोण करत होतं?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. याचं उत्तर मला येत होतं! "निजामच, दादा."

"म्हंजे पाव्हणा घरात येऊन बसणार, आन् भाकरीबी आपणच घालायची?"

"बराबर. ती परवडेना, म्हणून पुढं वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या हवाली करावं लागलं."

"आरारारा!" दादांनी कपाळाला हात लावला.

मग माझा आवाज आपोआप मोठा झाला. नवरदेवानं सूट सावरत विचारलं, "यांचे घोडे कुठं बांधत असतील?" मी खरं तेच सांगितलं, "ते मला ठाऊक नाही. शोधावं लागेल." निघताना नवरीनं आम्हा सगळ्यांच्या हातावर पेढे ठेवले. दादांनी फोटोग्राफरलाही एक खायला लावला.

परतताना काळीपिवळी जीपमध्ये दादा शेजारच्या माणसाला रंगवून सांगत होते, "पाव्हण्याच्या भाकरीपायी निजामाचं वऱ्हाड गेलं! हा आमचा पोरगा, त्यानंच सांगितलं."

"आन् घोडे किती होते त्यांच्याकडं?" त्या माणसानं विचारलं.

"घोड्यांचं शोधायचं राह्यलंय त्याचं." मग दादा माझ्याकडे वळले. "किती दिवस लागतील रे त्याला?"

मी सांगून टाकलं, "एम.ए.ला दोन वर्षं लागतात, दादा."

"घोड्यांसाठी दोन वर्षं?" अख्खी गाडी हसली. दादाही हसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवत म्हणाले, "बरं. कंपनीवाल्याला मी सांगतो काय ते."