चौकटीबाहेरचा मारोती

मी फ्लेक्स छापतो. साठीच्या पुढाऱ्याला पस्तिशीचा करून चौकात टांगणं हा माझा धंदा. त्यामुळे डोळ्यांना दिसतं त्यावरही माझा फारसा विश्वास नाही... न दिसणाऱ्याचं तर सोडाच. तरी हे लिहितोय.

दुकान आदिलाबादला लागून, मावल्यात. फ्लेक्स बांधायला मारोती होता - तलमडुगूकडचा, पन्नाशीचा. शिडी, सुतळी आणि काच फुटलेला मोबाईल घेऊन एकटाच जायचा. बांधून झालं की गिऱ्हाइकासाठी फोटो काढायचा. तो आपोआप माझ्या कंप्युटरच्या एका फोल्डरमध्ये येऊन पडायचा. त्या फोल्डरवर मी एक कमांड पहाऱ्याला बसवली होती. नवी फाइल आली की 'टिंग' वाजायचं. कमांड फोटोतला फ्लेक्स तेवढा कापून दुसरीकडे ठेवायची आणि मूळ फोटो पुसून टाकायची - मोबाईलमधलासुद्धा. खांब, तारा, म्हशी, ऊन असलं तर जमिनीवर पडलेली मारोतीची सावली... सगळं जायचं.

"म्हैस काऊन कापली जी, भाऊ?" मारोती म्हणायचा. "साहेबापरीस तेच बरी दिसून राह्यली होती."

यंदा काविळीनं मारोती गेला. दहाव्या दिवशी त्याची बायको चंद्रकला दुकानात आली. "साऱ्या आदिलाबादले टांगलं यायनं. तेरवीले यायचाबी एक फ्लेक्स टांगा, भाऊ."

पण फोटो? लग्नाचा होता तो गळक्या छपराखाली भिजून गेला होता. आधार कार्डावरचा मी मोठा करून दाखवला. बाईंनी बराच वेळ पाहिला.

"हे कोन व्हय?"

मारोतीचा मोबाईल त्या घेऊन आल्या होत्या. त्यात एकही फोटो नव्हता. माझ्या कमांडनं काम चोख केलं होतं. मोबाईल बंद करून मी ड्रॉवरमध्ये ठेवला आणि निदान डिझाइन तरी करून ठेवलं - काळी पाटी, पांढऱ्या फुलांची किनार, मधे फोटोसाठी रिकामा गोल. कुणाला दाखवलं नाही, छापलं तर नाहीच.

तेरवीच्या आदल्या दिवशी, दुपारी साडेबाराला मी डबा उघडला, आणि टिंग.

फोल्डर पाहिला. रिकामा. मोबाईल ड्रॉवरमध्ये, बंदच. पुन्हा टिंग. कापलेले फोटो जिथे जमतात तिथे एक नवी फाइल होती.

शिडीवर मारोती. दातात सुतळी, मान वळवून माझ्याकडे - म्हणजे कॅमेऱ्याकडे - पाहतोय. कमांड फ्लेक्स ठेवते आणि बाकीचं फेकते. इथे माणूस ठेवला होता आणि फ्लेक्सच कापला होता. कडेला थोडासा उरला होता, तेवढ्यावर पांढऱ्या फुलांची किनार आणि अर्धा रिकामा गोल. ऊन कडक, शिडीची सावली जमिनीवर स्पष्ट. फोटो काढणाऱ्याची मात्र कुठेच नाही.

जुना फोटो कुठेतरी अडकला असेल, असं मी स्वतःला समजावलं. पण ते डिझाइन तीन दिवसांचंसुद्धा नव्हतं. मूळ फोटो शोधला. तो नियमाप्रमाणे पुसला गेला होता.

उरलेली कड मी हाताने कापली, मारोतीला गोलात बसवलं. दुसऱ्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा शिडीवर चढलो. गाठी वाकड्यातिकड्या आल्या. चंद्रकलाबाई खाली उभ्या होत्या.

"असेच पाहात हे," त्या म्हणाल्या. मग, "कोनं काढला जी हा फोटो?"

"मी," म्हणालो.

"बरं केलं, भाऊ. कोनी तरी काढला."

कंप्युटर समजणाऱ्या दोघांना विचारून झालं. दोघांनी दोन कारणं सांगितली, आणि दोन्ही फोटोतल्या शिडीपाशी, त्या न छापलेल्या फ्लेक्सपाशी येऊन थांबतात. माझ्याकडे तर एकही नाही. ती कमांड बंद केली आहे. आता फोटो मीच पाहून पाठवतो. मधे म्हैस आली तर राहू देतो. गिऱ्हाइकं तक्रार करतात.